गझिबोसाठी पाच चिठ्ठ्या

त्या घरात कुठलीही गोष्ट आरडाओरडा करून ठरत नसे. चिठ्ठ्या टाकून ठरत असे. पद्धत बाइंडरबुवांनी घातलेली. मुलं लहान असताना सुट्टीत कुठे जायचं यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटायची, तेव्हा बुवांनी बिस्किटांचा रिकामा डबा घेतला, झाकणाला फट पाडली आणि जाहीर केलं, "यापुढे ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं, असं या घरात चालणार नाही." घरात सगळ्यात लहान आवाज त्यांचाच होता, म्हणून त्यांना हे सुचलं असावं, असं त्यांची बायको म्हणे.

नियम थोडेच, पण कडक. चिठ्ठीवर नाव नाही, अक्षर नाही. पहिल्या पर्यायाला एक रेघ, दुसऱ्याला दोन, म्हणजे कुणाचं वळण ओळखू यायला नको. आदल्या दिवसापासून प्रचार बंद. मोजणी बुवांनी करायची, निकाल सांगायचा आणि चिठ्ठ्या तिथल्या तिथे फाडून टाकायच्या. तू काय दिलंस, असं कुणी कुणाला विचारायचं नाही. भिंतींचे रंग, मुलाच्या लग्नाची तारीख, इतकंच काय, कुत्रा पाळायचा की नाही, हे सगळं त्या डब्यातून ठरलं. कुत्रा दोन विरुद्ध दोनवर अडला आणि आलाच नाही.

बुवा चाळीस वर्षं एका वाचनालयाच्या तळघरात पुस्तकं बांधत होते. फाटकं पुस्तक खाली यायचं आणि धडधाकट होऊन वर जायचं. वर वाचणाऱ्यांना खाली कुणी माणूस आहे याचा पत्ताही नसे, आणि बुवांना ते फार सोयीचं वाटे. निवृत्त झाल्यावर मुलानं त्यांना घरामागच्या अंगणात एक शेड बांधून दिली. दहा बाय आठची, पत्र्याच्या छपराची, उत्तरेला एक खिडकी. तिच्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, कागद कापायची सुरी, खळीचं भांडं, पुठ्ठ्यांची चळत. कुणी आजोबांची वही आणून देई, कुणी पानं सुटलेला शब्दकोश. बुवा सकाळी नऊला आत शिरत आणि जेवायला हाक मारली की बाहेर येत. घरात त्यांना कुणी विचारत नसे असं नाही, पण शेडमध्ये कुणी न विचारताही त्यांना बरं वाटे.

मग अंगणात टब आला. सून इस्पितळात परिचारिका होती. पेशंटना उठवून बसवता बसवता तिच्या मणक्याची चकती सरकली होती, आणि डॉक्टरांनी रोज अर्धा तास गरम पाण्यात बसायला सांगितलं होतं. मुलानं हौसेनं सात बाय सातचा हॉट टब घेतला आणि उघड्या अंगणात मांडला. पहिल्याच आठवड्यात त्यात पानं पडली, मग पाऊस पडला, मग शेजारच्या काकूंची नजर पडली. काकू वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालता घालता टबातल्या माणसाची विचारपूस करीत. "आज कंबर कशी आहे गं?" असं त्यांनी वरून ओरडून विचारलं की सून गळ्यापर्यंत पाण्यात बुडे. तेव्हा टबावर छप्पर हवं, म्हणजे गझिबो हवा, यावर घरात एकमत झालं. त्यासाठी चिठ्ठीसुद्धा लागली नाही.

गझिबो बघायला पाचही जण गेले: बुवा, त्यांची बायको, मुलगा, सून, आणि धाकटी. धाकटी म्हणजे बुवांची लेक. चौतीस वर्षांची, नकाशे काढण्याच्या कचेरीत कामाला, आईबापांजवळच राहायची. दुकानाच्या मोकळ्या आवारात गझिबो ओळीनं उभे होते, लग्नाला उभ्या केलेल्या मुलांसारखे. दुकानदार बोलघेवडा होता.

"साहेब, गझिबो म्हणजे टबाची टोपी. लोक चेहरा बघून टोपी घेतात आणि मग डोक्यात जात नाही म्हणून आमच्या नावानं बोंब मारतात. आधी डोकं मोजा!"

"सात बाय सात," मुलगा म्हणाला.

"ते झालं डोकं. कानांचं काय? टबाचं झाकण कुठे उघडतं? मागे. मागे दोन फूट सोडा. मोटर कुठे आहे? डावीकडे. तिथे दुरुस्तीवाला बसला पाहिजे. तो काही मांजर नाही. अडीच फूट सोडा."

फिरून फिरून दोन उरले. एक नंबरचा उघडा: चार देवदारी खांब, वर पत्र्याचं उतरतं छप्पर, शेजारच्या बाजूला जाड पडदा. दहा बाय दहाचा, अंगणात आरामात बसणारा. दोन नंबरचा बंद: चारी बाजूंना सरकत्या काचा, वाफ जायला छपरात झडप, आत कपडे बदलायला बाक. चौदा बाय बारा.

"चौदा फूट आणायचे कुठून?" बुवांच्या बायकोनं विचारलं.

दुकानदारानं मुलाच्या मोबाइलवरचा अंगणाचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. "ही मागे टपरी कसली?"

"बाबांची शेड आहे ती," धाकटी म्हणाली.

"मग झालं की! शेड काय, हलते."

"माणसंही हलवून मिळतात का तुमच्याकडे?" बायकोनं विचारलं. "नाही, एकदाच टेम्पो करायचा तर दोन्ही घालू."

दुकानदार हसला. बाकी कुणी हसलं नाही.

"उघडाच बघू या ना," सून हळू आवाजात म्हणाली. "मला चालेल."

"काय चालेल?" मुलगा म्हणाला. "थंडीत ओल्या अंगानं वाऱ्यात बाहेर येणार आणि मग आठवडाभर कंबर धरून बसणार. मग टब घेतलाच कशाला? बाबा, तुमचं सामान आपण जिन्याखाली लावू. उजेडाला दिवा घेऊ चांगला."

बुवा एका खांबावरून हात फिरवत होते. ते म्हणाले, "खांब गुळगुळीत आहे."

"बघा!" बायको म्हणाली. "गळ्यावर सुरी ठेवली तर म्हणतील, मूठ सुबक आहे."

शेवटी धाकटी म्हणाली, "रविवारी चिठ्ठ्या टाकू. बाबांचाच नियम आहे."

शनिवारी बुवा शेडमध्ये एका शब्दकोशाची पाठ शिवत बसले होते. शेड जावी असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. शिकंज्याचं चाक फिरवताना जो जोर हातात येई तेवढा जोर त्यांना आयुष्यात दुसरीकडे कुठेच आला नव्हता. जिन्याखाली तो शिकंजा मावणार नाही, हे त्यांनी त्या सकाळीच दोरी लावून मोजून ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. प्रचार बंद होता.

सुईत दोरा ओवता ओवता त्यांनी मतं मोजली. बायकोचं मत शेडला, यात शंकाच नाही; ती तोंडानं फाडते, पण साथ सोडत नाही. मुलानं शेड स्वतःच्या हातानं बांधली, पत्रे ठोकताना अंगठा ठेचून घेतला. तो बोलतो बंद गझिबोचं, पण चिठ्ठी हातात आली की त्याच्यानं दोन रेघा निघायच्या नाहीत. धाकटी तर शेडमध्येच वाढल्यासारखी. तिचे नकाशे आजही ते तिथेच बांधून देत. झाली तीन मतं. उरली सून. दुकानात 'मला चालेल' म्हणाली ती भिडेनं, हे न कळायला बुवा काही दूधखुळे नव्हते. कंबर तिची दुखत होती. ती दोन नंबरलाच मत देणार, आणि द्यावंच. पण मग निकाल काय लागणार? चार विरुद्ध एक. अख्खं घर एका बाजूला आणि परक्या घरून आलेली पोर एका बाजूला, तीही आजारी. नाव नसलं म्हणून काय झालं? एकटी चिठ्ठी नावासकट बोलते.

त्यांना ते बघवेना. शिवाय त्यांचं एक जुनं तत्त्व होतं, की उमेदवारानं स्वतःला मत देऊ नये. वाचक मंडळाच्या चिटणीसपदाला ते एकदा उभे राहिले होते, तेव्हाही मत त्यांनी समोरच्याला दिलं होतं. तरी निवडून आले, आणि तेव्हापासून तत्त्व आणखीच पक्कं झालं. इथे तर शेड त्यांची, म्हणजे उमेदवार तेच. आपण सुनेच्या बाजूनं मत टाकलं तर निकाल तीन विरुद्ध दोन लागेल. शेड राहील, आणि आपल्याबरोबर या घरात कुणीतरी होतं, एवढं तिला कळेल. कोण होतं ते कळायची गरज नाही. बुवांना हा हिशेब इतका आवडला की शब्दकोशाची पाठ त्यांनी दुहेरी दोऱ्यानं शिवली.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर डबा टेबलावर आला. पाच सारखे कागद, एकच पेन्सिल. एकेकानं शेजारच्या खोलीत जायचं आणि यायचं. सून गेली तिला जरा वेळ लागला. बुवा शेवटी गेले. त्यांनी दोन रेघा ओढल्या, कागद काठाला काठ जुळवून दुमडला आणि सवयीनं नखानं दाबला.

त्यांनी डबा उलटा केला. पहिली चिठ्ठी दोन रेघांची. असू दे, सुनेची असेल. दुसरी एका रेघेची. तिसरी काठाला काठ लावलेली, त्यांची स्वतःचीच, दोन. चौथी एक. आता दोन-दोन झाले होते, आणि पाचवी चिठ्ठी बायकोची, मुलाची नाहीतर धाकटीची असणार, म्हणून बुवांनी ती थोडी हसूनच उघडली.

दोन रेघा होत्या.

त्यांनी ती उलटी करून पाहिली. मग खिडकीकडे धरून पाहिली.

"काय झालं बाबा?" मुलानं विचारलं.

"काही नाही. उघडा, दोन मतं. बंद, तीन." त्यांनी पाचही चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या आणि फाडल्या. चाळीस वर्षं कागद हाताळलेला माणूस. बारीक, सारखे तुकडे झाले. "बंद गझिबो ठरला," ते म्हणाले, आणि तुकडे मुठीत घेऊन बसून राहिले.

"जिन्याखाली मी फळ्या मारून देईन बाबा," मुलगा म्हणाला. त्यानं मान वर केली नाही. धाकटी पाणी आणायला उठली ती परत आलीच नाही.

चहाच्या वेळी स्वयंपाकघरात भांडी वाजली. बुवा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसले होते. दार अर्धवट उघडं होतं.

"आई," सून म्हणत होती, "विचारायचं नसतं, सांगायचं नसतं, माहितेय मला. पण तुम्ही सकाळपासून नीट बोलत होतात आणि आता तोंड फिरवलंत. मी एक नंबरलाच मत दिलं. शप्पथ. यांनी आठवडाभर माझं डोकं खाल्लं, काल तर भांडणच झालं आमचं. तरी मी एकच रेघ ओढली. मला पडदा पुरला असता."

बायको शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली होती. तिचा आवाज तेव्हाचा झाला. "एक नंबरला मतं किती?"

"दोन."

"एक माझं. एक यांचं, शेड यांची आहे. झाली दोन. मग तुझं कुठे गेलं? डब्यात विरघळलं?"

"मला नाही माहीत. मी दिलंय."

"हे बघ, दोन नंबरला दिलंस याचा मला राग नाही. कंबर तुझी दुखते. पण ज्याची शेड पाडायची त्याच्याच बायकोजवळ येऊन लाडीगोडी लावायची, आणि वर शपथा? मी तीस वर्षं मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्यात. उत्तर चुकलं तर अर्धे गुण देते मी. कॉपी केली तर शून्य."

बाहेर बुवांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. त्यांना एकदम दोन गोष्टी कळल्या. सून खरं बोलत होती, म्हणजे दुसरी एक रेघ तिची होती. आणि ती तिची होती तर उरलेल्या दोन-दोन रेघा मुलाच्या आणि धाकटीच्या. ज्यांना त्यांनी खात्रीच्या खात्यात धरलं होतं ते दोघे तिकडे, आणि जिची कीव करून त्यांनी मत दिलं ती इकडे. त्यांनी फक्त स्वतःसाठी एक रेघ ओढली असती तर शेड उभी राहणार होती.

ते उठले. दारापर्यंत गेले. दोघी त्यांच्याकडे बघू लागल्या. सुनेचे डोळे लाल झाले होते.

"काय हवंय?" बायकोनं विचारलं.

बुवांच्या घशात सगळं वाक्य तयार होतं. "पाणी," ते म्हणाले.

बायकोनं पाणी दिलं. ते सगळं पिऊन त्यांनी भांडं परत दिलं आणि जागेवर जाऊन बसले.

पुढचे दहा दिवस घरात सासूसुनेचं बोलणं निरोपानं चाललं. "तिला सांगा, दूध आलंय." "आईंना सांगा, मला दुपारची पाळी आहे." निरोप बुवांच्याच मार्फत जात. रोज ते ठरवत, आज सांगायचं. आणि रोज दूध आल्याचं सांगून थांबत. मधल्या काळात मुलानं ऑर्डर दिली, काचा मापानं कापून तयार झाल्या, कामगारांची तारीख ठरली.

शेड रिकामी करायच्या दिवशी मुलगा कामावर होता आणि धाकटीला अचानक कचेरीत महत्त्वाचं काम निघालं. पुठ्ठे उचलायला सून आली. कमरेला पट्टा बांधून.

"तू नको उचलूस," बुवा म्हणाले.

"हलके आहेत." तिनं दोन फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीला ती दारात थांबली. "बाबा, एक विचारू? तुम्हालाही वाटतं, मी खोटं बोलले?"

"नाही."

"मग कसं जुळतं ते?"

बुवा शिकंज्याचं चाक पुसत होते. पुसून झालं होतं तरी पुसत होते. "एक मत माझं नव्हतं," ते म्हणाले. "म्हणजे, माझं तिकडे होतं. दोन नंबरला. मीच दिलं."

मग ती पुठ्ठ्यांच्या चळतीवर हळूच, कंबर सांभाळत बसली. "स्वतःच्याच विरुद्ध?"

"मला वाटलं, तुझं एकटीचंच तिकडे पडेल. तू एकटी पडू नयेस म्हणून."

ती हसली नाही, रडलीही नाही. "दहा दिवस झाले बाबा," ती म्हणाली. "मी एकटीच जेवतेय. हे म्हणतात, आईचं काय चुकलं, गणित सरळ आहे. तुम्ही रोज समोरच वावरत होतात." मग तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि उठली. "चला. आईंना सांगा."

बायको खिडकीशी आकड्यांचं कोडं सोडवत बसली होती. बुवांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दुकान, शनिवार, तीन मतांचा हिशेब, उमेदवाराचं तत्त्व, नखानं दाबलेली घडी. इतकं सलग ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते. सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

बायकोनं चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "पाठांतर चांगलं झालंय," ती म्हणाली. "कुणी करून घेतलं?"

"अगं, कुणी नाही. खरंच मी..."

"अहो, शेड जाणार म्हणून तुम्ही चार दिवस नीट जेवला नाहीत, आणि मत शेडच्याच विरुद्ध दिलंत म्हणता? मी ओळखत नाही का तुम्हाला? पोरानं काच फोडली, तुम्ही म्हणालात मी फोडली. धाकटी नापास झाली, तर म्हणालात मीच अभ्यास घेतला नाही. वाचनालयात पाणी शिरलं, ती खिडकीसुद्धा म्हणे तुम्हीच उघडी टाकलीत, आणि त्या दिवशी तुम्ही तापानं घरी पडून होतात! जन्मभर लोकांची पापं आपल्या अंगावर घेत आलात. आता हिचं घेताय."

"ते सगळं खोटं होतं," बुवा म्हणाले. "हे खरं आहे."

"असेल. पण खरं बोलताना तुमचा चेहरा कसा होतो ते मला माहीत नाही. मी तो बघितलाच नाही कधी." तिनं पेन्सिल उचलली. "चिठ्ठ्या आहेत का? दाखवा. नखाची घडी दाखवा."

चिठ्ठ्या नव्हत्या. नियम त्यांचाच होता.

"आई, ते खरं सांगताहेत," सून म्हणाली.

"तू तर म्हणणारच," बायको म्हणाली, आणि कोड्यात एक आकडा लिहिला.

गुरुवारी कामगार आले. छपराचे पत्रे तासाभरात उतरले. मुकादमानं विचारलं, "आजोबा, यातलं काही ठेवायचं असेल तर सांगा." शिकंजा जिन्याखाली मावत नव्हता, तो एका शाळेनं नेला, मुलांना दाखवायला. बुवा म्हणाले, "नाही, काही नाही. तुम्ही चहा घेणार का?"

गझिबो छान झाला. काचा अलगद सरकतात, वाफ झडपेतून जाते, शेजारच्या काकूंना काही दिसत नाही. पहिल्या शनिवारी मुलानं मित्रांना बोलावलं. धाकटी पुस्तक घेऊन तास तास आत बसते, आणि बाबांशी पूर्वीपेक्षा जास्त प्रेमानं बोलते. त्या प्रेमाचं काय करावं ते बुवांना कळत नाही. सून एकदाच गेली. टॉवेल घेऊन आत गेली तेव्हा सासू तिथल्या बाकावर बसलेली होती. "जा जा," सासू म्हणाली, "तुझ्यासाठीच तर पाडलं." सून पाचेक मिनिटांत बाहेर आली, आणि पुन्हा टबात उतरली नाही.

एका सकाळी ती कामाला निघताना पायऱ्यांवर बसून बूट घालत होती. वाकता येत नव्हतं. बुवा लगबगीनं पुढे झाले, खाली बसले आणि तिच्या बुटाची नाडी हातात घेतली. "आज मी पुन्हा बोलतो तिच्याशी," ते म्हणाले. "नीट समजावतो. तुझ्यासाठी एवढं तरी..."

तिनं पाय मागे घेतला. रागानं नव्हे, इस्पितळात एखाद्या पेशंटच्या हातातून वस्तू काढून घ्यावी तसा.

"बाबा," ती म्हणाली, "आता माझ्यासाठी काही करू नका."

"बरं," बुवा म्हणाले.